फेब्रुवारीत घेतलेलं माप

आमच्या सोसायटीत बारमाही राहणारी माणसं दोन हातांच्या बोटांत संपतात, आणि केवळ म्हणून मी सेक्रेटरी आहे. बाकीचे मालक मुंबईला, ठाण्याला, काही आखातात. निवडीची सभा फोनवरच झाली. "बाई तिथेच असतात, बाईच बघतील," असं कोणीतरी म्हणालं आणि पुढच्या मिनिटाला ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. मी नको म्हणाले नाही. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर सकाळी अकरा वाजता काय करायचं, हा प्रश्न मला तेव्हा फार छळत होता. शिवाय, खरं सांगायचं तर, कोणी आपल्याला विचारलेलं मला आवडतं. या आवडीपायीच पुढचं सगळं घडलं.

आम्ही राहतो ते रत्नागिरीच्या बाहेर, सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. चार महिने हिरवं, उरलेले आठ महिने तापलेल्या तव्यासारखं. पूर्वी इथे गुरं चरायची, आता इमारती उगवतात. गावाची गटारलाइन इथवर आलेली नाही, तेव्हा आपलं सांडपाणी आपणच शुद्ध करायचं, असा मोठ्या इमारतींना नियम. आमच्या दोन इमारतींच्या मागे, कंपाउंडच्या कोपऱ्यात, हिरव्या पत्र्याची एक शेड आहे. तिच्याखाली जमिनीत चार टाक्या आणि वर अखंड घरघरणारं यंत्र. सगळे त्याला नुसतं 'प्लांट' म्हणतात. निम्म्या मालकांना तो जनरेटर वाटतो.

मलाही पहिलं वर्षभर त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. फ्लश केला की विषय संपला, अशी आपली सगळ्यांचीच एक गोड समजूत असते. मग एका दुपारी घरघर थांबली. रोजचा आवाज थांबला की तो रोज होता हे कळतं. मी चपला घालून मागे गेले, तर प्लांट चालवणारा गृहस्थ पंख्याच्या पट्ट्याशी झटापट करत होता. पन्नाशीचा माणूस, पालीहून रोज मोटारसायकलवर येणारा. आधी भातगिरणीवर कामाला होता, गिरणी बंद पडल्यावर इकडे आला.

"घाई कसली एवढी?" मी विचारलं. "संध्याकाळी करा की."

"संध्याकाळपर्यंत गुदमरतील ना बाई."

"कोण?"

"जंतू," तो म्हणाला, आणि मी काहीतरी अगदीच अडाण्यासारखं विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

त्या दुपारी त्याने मला सगळा प्लांट हिंडवून दाखवला. पहिल्या टाकीत सगळं येऊन पडतं. तिथे फार वेळ उभं राहू नये. दुसरीत खालून हवा सोडलेली असते आणि तपकिरी पाणी सतत उकळल्यासारखं हलत राहतं. ही खरी जागा. इथे जंतू घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून गोळे होतात. तिसरीत ते गोळे तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. चौथीतलं पाणी बागेला. उरलं तर कंपाउंडच्या भिंतीतल्या पाइपातून खालच्या पऱ्यात, म्हणजे पावसाळ्यात वाहणाऱ्या ओढ्यात. "काम सगला जंतू करतात," तो म्हणाला. "मी मुकादम. कामगारांना हवा मिळतेय का, खायला मिळतंय का, येवढाच बघायचा."

मी त्या दिवशी घरी आले ती एखाद्या नव्या मुलीला शाळेत घालून आल्यासारखी खूश होऊन. इतकी वर्षं फळ्यावर अमिबा काढला, पॅरामिशियम काढलं, 'टिपा लिहा' म्हणून पोरांकडून दहा-दहा ओळी घोटून घेतल्या, आणि माझ्या बेडरूमपासून पन्नास पावलांवर त्यांचं अख्खं गाव नांदत होतं. शाळेने मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप मी निवृत्त होताना मागून घेतला होता. तो माळ्यावरून उतरवला, आरसा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत दुसऱ्या टाकीतलं पाणी घेऊन आले. माझी बहीण तेव्हा आली होती. तिने ती बाटली डायनिंग टेबलावर बघितली आणि रात्रीचं जेवण हॉलमध्ये बसून घेतलं.

काचेखाली मात्र जत्रा होती. काही नुसतेच पळत होते. काही देठावर बसलेल्या घंटांसारखे, स्प्रिंग आवळावी तसे अचानक खाली ओढले जायचे आणि पुन्हा हळूच वर यायचे. हे मी पुस्तकातल्या चित्रात बघितलं होतं, पण ते असे दचकतात हे पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी मुकादमाला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ डोळा लावून बसला. "ह्या घंट्या दिसल्या म्हंजे प्लांट बरा हाय, असा पुन्याचा इंजिनेर बोलला होता," तो म्हणाला. "पन मना कधी दिसल्याच नव्हत्या. मी आपला वासावर चालतो." त्या दिवसापासून दर सोमवारी सकाळी घंटा मोजणं हा माझा उद्योग झाला. वही घातली. नसती उठाठेव म्हणा हवं तर, पण सकाळच्या अकराचा प्रश्न सुटला.

गणपती होऊन, दिवाळी होऊन सगळे मुंबईला गेले की घंटा कमी व्हायला लागायच्या. मला काळजी वाटली. मुकादमाला नाही. तो एका सकाळी गूळ आणि शेणाची बादली घेऊन आला, दोन्ही पाण्यात कालवलं आणि दुसऱ्या टाकीत ओतलं.

"नैवेद्य?" मी विचारलं.

"उपाशी हत बाई. खानारे जंतू आनि वाढनारे चाकरमानी. चाकरमानी गेले, आता ह्यांच्या पानात काय पडनार? चवथीला, गनपती आनायला, परत सगले येतील, तवर जगवायला नको?"

मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती तीन महिने भेटेल त्याला सांगत होते. साठ फ्लॅटांचा प्लांट आणि राहणारी घरं आठ. उरलेल्या बावन्न घरांच्या वाटचं आम्ही गुळावर भागवतो. मीही भाताची पेज फेकायचं सोडून खाली नेऊन द्यायला लागले. हे सगळं इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं म्हणायची सोय मला राहू नये.

आता चाचांबद्दल सांगायला हवं. सड्याचा उतार उतरला की पऱ्याच्या कडेला एक लहान वाडी आहे, अकरा घरांची. त्यातलं पहिलं घर चाचांचं. आयुष्य जहाजांवर गेलं, शेवटची काही वर्षं आखातात, आता माड, चार कलमं आणि नमाज. त्यांच्या अंगणात एक बाव आहे. विहिरीला ते बावच म्हणतात. जांभा फोडून खणलेली, चौकोनी, आणि वैशाखातही कंबरभर पाणी राखून असलेली. नळ येवो न येवो, त्या अकरा घरांची तहान त्या बावीवर. चाचांना तिचा अभिमान असा, की चहाच्या आधी पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या आणि तो पिऊन होईपर्यंत चेहऱ्याकडे निरखून बघणं. "चाळीस वरसं टाकीतला पानी प्यालंव," ते म्हणायचे. "घरी येऊन काय पायजे होता? सोना नको, गाडी नको. आपल्या बावीचा पानी." मी संध्याकाळी फिरायला तिकडे उतरायचे. पाणी खरंच गोड होतं. चाची हसून म्हणायच्या, "बाई, तुमी जरा जास्त तारीफ करा, म्हंजे ह्ये रातचे शांत झोपतात."

तर, तिसरी इमारत. ती आमच्याच कंपाउंडला लागून उभी राहिली होती. काचेच्या गॅलऱ्या, वर नावाची पाटी लावायची जागा, सगळं तयार. तिचा वेगळा प्लांट नकाशावर होता, जमिनीवर मात्र फक्त एक खड्डा होता आणि त्यात कोणीतरी लावलेली केळ. फेब्रुवारीत बिल्डरचे साहेब माझ्याकडे आले. गोड माणूस. चहा घेतला, मायक्रोस्कोप बघितला, घंटा बघून "वा, वा" म्हणाले. मग म्हणाले, "बाई, तुमचा प्लांट तर निम्माही चालत नाही. जंतूंना म्हणे गूळ घालावा लागतो. आमच्या तिसऱ्या इमारतीचं पाणी जोडलं तर त्यांचीही सोय होईल. लोकांना यंदाचा गणपती नव्या घरात आणायचाय. सोसायटीचं एक पत्र मिळालं तर बरं."

"पत्र असं उगाच कसं देणार?" मी म्हणाले. "मोजावं लागेल."

हे वाक्य म्हणताना मला स्वतःचं किती कौतुक वाटलं, ते आठवून आजही कान तापतात. बिल्डरला नाही म्हणण्याचं धाडस नाही आणि मुकाट हो म्हणणं स्वभावात नाही, मग आम्ही मोजतो. मी मोजलं. शाळेतली लाकडी मीटरपट्टी दोरीला बांधून पहिल्या टाकीत सोडली. पुढच्या टाकीत पाणी ढकलणारा पंप मुकादमाला बंद करायला लावला. सकाळी एक तास, दुपारी एक तास, संध्याकाळी एक तास. टाकीची लांबी, रुंदी, पाणी किती बोटं चढलं. सात दिवस. वाढीव धरावं म्हणून सर्वांत जास्त आलेला आकडा घेतला, त्यात आणखी थोडं मिळवलं. एकही चूक नव्हती त्या गणितात. आजही नाही.

मुकादम पंपाशी उभा होता. शेवटच्या दिवशी म्हणाला, "बाई, मापायचाच तर चवथीला मापा ना."

मी म्हणाले, "तेव्हा तुम्ही गडबडीत असता."

तो म्हणाला, "तेवाच तर." आणि पंप सुरू करायला गेला. कामगारांना खायला हवं होतं.

मी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिलं: 'प्रत्यक्ष मोजणीनुसार प्लांटची निम्म्याहून अधिक क्षमता विनावापर आहे. तिसऱ्या इमारतीचे सांडपाणी सामावून घेण्यास तांत्रिक अडचण दिसत नाही.' खाली सही, शिक्का, आणि कोणी मागितलं नसताना कंसात 'निवृत्त विज्ञान शिक्षिका'. फ्लॅट रिकामे म्हणून जंतू उपाशी, हे माझ्या डोक्यात होतं. प्लांटमध्ये जागा आहे, हेही त्याच डोक्यात होतं. पण दोन बंद फ्लॅट शेजारशेजारी असावेत तशी ती दोन वाक्यं राहत होती. एकमेकांचं तोंड त्यांनी कधी बघितलं नाही.

मे महिन्यात आंब्याला लोक आले तेव्हा पहिल्या टाकीशी वास यायला लागला. वहीत मी त्या सोमवारी 'घंटा कमी, पाणी गढूळ' असं लिहिलं आहे, आणि पुढे, विनोद म्हणून, 'आंबे खाऊन सगळ्यांचीच पोटं बिघडली आहेत.' मालक एकदम येत नाहीत मेमध्ये, पाळीपाळीने येतात, त्यामुळे निभावलं. जुलैमध्ये तिसऱ्या इमारतीची लाइन जोडली. ऑगस्टपर्यंत तिथे कोणी राहायला नव्हतं, तेव्हा अडचण दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी जायचं असतं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. ज्याचा इथे फ्लॅट आहे तो येतोच, पण एकटा येत नाही. नवं घर बघायला काका येतात, काकांची मुलं, जावयाचे आईवडील. दोन खोल्यांत चौदा माणसं आरामात मावतात आणि पंधरावं आलं तर त्याला गॅलरीत गादी मिळते. नकाशावर एका फ्लॅटला पाच माणसं धरलेली असतात. ही पाच माणसं मी आमच्या सोसायटीत अजून बघितलेली नाहीत. एक तर शून्य असतात, नाहीतर चौदा.

हरतालिकेच्या दिवशी सगळे येऊन पोचले. आणि पोचल्यावर सगळ्यांनी तेच केलं जे आम्ही सगळे करतो. दारं उघडली, बंद घराचा कोंदट वास आला, आणि बाप्पा यायच्या आत घर धुऊन निघालं पाहिजे म्हणून बाथरूममध्ये अॅसिड, संडासात फिनेल, मोरीत पुन्हा फिनेल. तिन्ही इमारती, एकाच दिवशी. आमच्या पिढीला फिनेलचा वास आल्याशिवाय सण आल्यासारखाच वाटत नाही. मीही एक बाटली ओतली, माझं घर वर्षभर उघडं असून. सगळं खाली गेलं. दुसऱ्या दिवशी चौदा-चौदा माणसांचं पाणी, मोदकांची भांडी, तळणीचं तेल त्यावर गेलं.

गौरी आल्या त्या सकाळी मुकादम माझ्या दाराशी उभा होता. त्याने बेल वाजवली नव्हती. सुटीचा दिवस असून आला होता. "बाई, तुमचा ता यंत्र काढा जरा," तो म्हणाला आणि लोणच्याची बाटली पुढे केली.

काचेखाली काही हलत नव्हतं. मी काच बदलली. दुसरा थेंब घेतला. आरसा फिरवला. देठ होते, घंटा होत्या, पण त्या दचकत नव्हत्या. मी टेबलाला टिचकी मारून बघितली, जणू त्या झोपल्या असतील. मला रडू आलं. जंतूंसाठी रडणारी मी जगातली पहिलीच बाई असेन. मुकादम दुसरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चौथ्या टाकीत पन आता पयल्या टाकीचाच पानी हाय. फेस आलाय. भिंतीतल्या पाइपातना खाली चाललाय."

खाली म्हणजे कुठे, हे दोघांनाही माहीत होतं.

जांभा दगड बघितलाय ना? आतून पोखरलेला असतो, जाळीदार. पाणी त्यातून गाळून जातं असं लोक म्हणतात. गाळून जात नाही, नुसतं जातं. वरून भाद्रपदातला पाऊस ढकलायला होता. मी छत्री न घेता उतार उतरले. चाचांच्या अंगणात पाच-सहा बायका रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या होत्या. बावीच्या पाण्यावर कडेकडेने साबणाचा पांढरा फेस चढला होता आणि वास सांगायला नको. चाचा कठड्याला टेकून आत बघत होते. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना तिरडीकडे बघताना बघितलंय. तसंच ते बघत होते.

मी सांगून टाकलं. आडवळण घेतलं नाही, तेवढं एक बरं केलं. म्हटलं, "चाचा, हे आमच्याकडून आलंय. तिसऱ्या इमारतीचं पाणी जोडायला मी पत्र दिलं होतं. मोजून दिलं होतं. फेब्रुवारीत मोजलं."

"म्हाइत हाय," चाचा म्हणाले.

ते आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद घेऊन आले. एक त्यांचा अर्ज होता, मार्चमध्ये लिहिलेला. सुवाच्य अक्षर, अकरा घरांच्या सह्या आणि अंगठे. वरच्या तिसऱ्या इमारतीचं सांडपाणी जोडू नये, खाली पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, अशी विनंती. दुसरा कागद माझ्या पत्राची झेरॉक्स होती.

"अर्ज द्यायला निघालो होतो," ते म्हणाले. "साहेब आला. बोलला, चाचा, उगाच कशाला, बाईंनी स्वता मापलंय, बघा. मी वाचला. बाईंची सही बघितली. मी सगल्यांना बोलावून सांगितला, बाईंनी मापलाय म्हंजे बराबरच असंल. आनि अर्ज ठेवून दिला."

चाची म्हणाल्या, "आता कशाला तिला?" चाचांनी अर्ज माझ्या हातात दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्या अर्जाकडे बघत उभी राहिले. पोलिओचे डोस द्या म्हणून, साप मारू नका म्हणून, शाळेत नोकरीला असल्यापासून मी याच वाडीत किती वर्षं येत होते. माझ्या शब्दाला जी किंमत होती ती मी एक-एक घर फिरून मिळवली होती, आणि ती सगळी मी त्या कंसातल्या तीन शब्दांत घालवली. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

पुढचं जे करायचं ते केलं. त्याच दिवशी आणि पुढचे दोन दिवस, गौरी जाईपर्यंत, तीच मीटरपट्टी घेऊन मी आणि मुकादमाने पुन्हा मोजलं. एक तास लागलाच नाही, पाव तासात पट्टी बुडाली. ग्रुपवर मी लिहिलं की पुढची सूचना येईपर्यंत फिनेल बंद, अंघोळ एका बादलीत, आणि ज्यांना हे जमणार नाही त्यांनी खाली येऊन बाव बघून जावं. चार जण आले. त्यातल्या एकाने वर जाऊन आपल्या मजल्यावर प्रत्येक दारावर थाप मारली, त्याचा उपयोग झाला. दोघांनी ग्रुप सोडला. एकाने विचारलं की सणासुदीला हे विषय कशाला. मी त्याला उत्तर लिहिलं आणि मग पुसलं, कारण ते सेक्रेटरीला शोभण्यासारखं नव्हतं.

मग नवं पत्र. 'माझी दिनांक अमुकची मोजणी वसाहत रिकामी असताना केलेली असून ती ग्राह्य धरू नये.' कंसात काही लिहिलं नाही. ते घेऊन परवानगी देणाऱ्या सरकारी कार्यालयात गेले, सोबत चाचांचा मार्चमधला अर्ज, त्यांच्या परवानगीने. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "बाई, आधी हो आणि आता नाही, असं कसं?" मी म्हणाले, "आधी चुकलं, आता बरोबर आहे. असं." बिल्डरचे साहेब पुन्हा चहाला आले नाहीत. पाच हेलपाट्यांनंतर तिसऱ्या इमारतीची लाइन तोडली गेली. स्वतःचा प्लांट होईपर्यंत तिथलं सांडपाणी टँकरने उचलायचं ठरलं. खड्ड्यातली केळ काढली. यंत्रं आली. हे सगळं होईल असं मला वाटलं नव्हतं, पण झालं, आणि मुकादमाने मला नव्या प्लांटचा नकाशा दाखवला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला की एका फ्लॅटला माणसं किती धरली आहेत.

बाव दोनदा उपसली. वाडीतले सगळे, मुकादम, तो दारावर थाप मारणारा मुंबईकर, जो त्यासाठी दोन दिवस जास्त राहिला. गाळ काढला, कडा घासल्या, ब्लीचिंग टाकलं, पुन्हा उपसली. पाण्याच्या बाटल्या मी स्वतः तपासणीला दिल्या. पहिला अहवाल: पिण्यास अयोग्य. दुसरा, महिन्याने: पिण्यास अयोग्य. दरम्यान अकरा घरांत वीस लिटरचे निळे जार यायला लागले. चाचा बावीचं पाणी फक्त माडांना घालत होते. अंगणात गेलं की ते पूर्वीसारखे बसायला सांगत, चाची चहा करत, पण चहाच्या आधी तांब्या येत नसे.

तिसरा अहवाल डिसेंबरात आला. 'पिण्यास योग्य.' मी तो कागद घेऊन अक्षरशः पळत उतार उतरले. या वयात पडले असते तर हाड मोडलं असतं. चाचांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं, खालचा शिक्काही वाचला, आणि कागदाची व्यवस्थित घडी केली.

"कागद बराबर हाय बाई," ते म्हणाले.

"मग?"

"पयला कागद पन बराबरच होता ना. तुमचा. त्यात कुठं काय खोटा होता?"

रागाने म्हणाले नाहीत. शाळेत एखादं हुशार मूल खरोखरच कळत नाही म्हणून विचारतं, तसं विचारलं. मी बावीवर गेले, दोर सोडला, कळशी ओढली आणि ओंजळीने त्यांच्यासमोर प्याले. पाणी थंड होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कसा हाय?"

"चांगलं आहे, चाचा. खरंच चांगलं आहे."

त्यांनी मान हलवली. त्यांचा हात कठड्यावर होता, दोराशी, पण त्यांनी दोर उचलला नाही. "आता पुढची चवथ जावदे," ते म्हणाले. "तुमचे सगले येवदेत, न्हावदेत, धुवदेत. गवरी गेल्या, की मग मी पिईन."

बाहेर जारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला होता. चाचा उठून जार घ्यायला गेले. चवथ अजून नऊ महिने लांब होती.